उलगडलें तें काय?

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ता. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले, आणि पुढें थोड्याच दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजीं, त्याच शहरांत त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ स्थापन झालें. गांवोगांव हिंडून जुन्या घराण्यांच्या संग्रहांतून मिळविलेले कागद हेंच राजवाड्यांचें धन होतें. जुन्या दप्तरांतला एकादा रुमाल सोडला (कागद ज्या फडक्यांत बांधतात त्यासच दप्तरखान्यांत रुमाल म्हणतात) तर आंतून निघणारा कागद बहुधा मोडी असतो. मोडी शिकण्यास चिकाटीच्या माणसाला कांहीं महिने पुरतात. होतकरू अभ्यासक मोठ्या हौसेनें ओळीमागून ओळ लावतो, सगळा मजकूर बाळबोधींत उतरवून काढतो, आणि पान पुरें झाल्यावर कोणी जाणत्यानें विचारलें कीं, "बरें, पण हा कागद कोणता?" म्हणजे घुटमळतो. सनद, कीं सनदेची नक्कल? महजर, कीं महजराच्या वेळीं घेतलेली एकाची जबानी? पाठविलेलें पत्र, कीं मसुदा? लिपि सुटली, पण वस्तूची ओळख पटली नाहीं.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. कागद अस्सल सनद असेल तर एका घराण्याच्या जमिनीचा हक्क तिच्यावर उभा राहतो. नक्कल असेल तर अस्सल कोठें आहे तें शोधावें लागतें. मसुदा असेल तर तो अमलांत आलाच नसण्याचा संभव असतो. तिन्हींतला मजकूर मात्र शब्दशः एकच असूं शकतो!

नेमका हाच पेंच आज संगणकाच्या प्रोग्रामपुढें रोज पडतो. जळगांव जिल्ह्यांतला एक शेतकरी आपल्या अर्जासोबत सात-बाराच्या उताऱ्याचें छायाचित्र मोबाइलवरून धाडतो, असें समजा. यंत्राच्या दृष्टीनें तें छायाचित्र म्हणजे शून्यापासून २५५ पर्यंतच्या अंकांची एक लांबच लांब माळ होय. माळेंतल्या एका अंकास बाइट म्हणतात. परंतु निरोप वाहून नेणाऱ्या कित्येक व्यवस्था मूळच्या केवळ अक्षरांसाठीं बांधलेल्या आहेत; भलताच अंक दिसला कीं त्या अडखळतात किंवा त्याचा दुसराच अर्थ करतात. म्हणून ती माळ आधीं निरुपद्रवी अक्षरांत गुंडाळतात. या गुंडाळण्याच्या सर्वांत रूढ रीतीस बेस-६४ असें नांव आहे. तींत तीन बाइटांचीं चार अक्षरें होतात, आणि तीं चौसष्ट ठराविक चिन्हांतूनच निवडलेलीं असतात. माल एक-तृतीयांशानें फुगतो, पण सुखरूप पोहोंचतो.

पलीकडचा प्रोग्राम तीं अक्षरें उलगडतो. येथवर कांहीं अवघड नाहीं. उलगडण्याचा नियम ठरलेला आहे. अवघड तें यापुढें. हातांत आलेली बाइटांची माळ छायाचित्राची आहे, पीडीएफ कागदाची आहे, कीं वर्डमध्यें लिहिलेल्या अर्जाची? मूळ फाईलीचें नांव पुष्कळदां वाटेंत गळून पडतें, आणि राहिलें तरी तें खरेंच असेल असा भरंवसा नसतो. प्रोग्रामनें भलतें नांव चिकटविलें तर त्या दिवशीं कोणाची तक्रार येत नाहीं. कागद सांठ्यांत जाऊन पडतो. चार महिन्यांनीं अर्ज तपासणारा तो उघडूं पाहतो, तेव्हां पडद्यावर "फाईल उघडत नाहीं" एवढेंच उमटतें, आणि तोंपर्यंत अर्जाची मुदत टळून गेलेली असते.

मोडी कागद ओळखणारा आधीं माथा पाहतो. वर श्रीकार, त्याखालीं मायना. आणि मायन्यांतच निम्मी ओळख असते. 'तीर्थरूप' आलें कीं पत्र वडील माणसास, 'चिरंजीव' आलें कीं धाकट्यास. 'वेदशास्त्रसंपन्न' म्हटलें म्हणजे विद्वान् ब्राह्मणास, 'अखंडित लक्ष्मी अलंकृत' म्हटलें म्हणजे बहुधा सरदारास. 'स्वस्तिश्री राज्याभिषेक शक' अशी सुरुवात दिसली तर कागद छत्रपतींच्या आज्ञेचा, निदान तसें म्हणविणारा, असें समजावें. मग नजर पायाकडे वळते. शिवछत्रपतींच्या पत्रांत माथ्यावर मोठी मुद्रा आणि मजकूर संपतो तेथें 'मर्यादेयं विराजते' हा लहान शिक्का असे. पुढील काळांत 'लेखनसीमा' आणि 'मोर्तब सुद' आले. मजकूर येथें संपला, यापुढें कोणी ओळ वाढविली तर ती खोटी, असा त्याचा अर्थ. लांब कागद तुकडे चिकटवून केलेला असे, तेव्हां सांध्यांवरही शिक्का उठवीत, म्हणजे मधला तुकडा बदलून टाकतां येऊं नये.

फाईलींनाही मायना असतो. पीडीएफ फाईल शेंकड्याच्या चिन्हानें सुरू होते व त्यापुढें पी, डी, एफ हीं अक्षरें उघड लिहिलेलीं असतात. शेवटीं 'ई ओ एफ', म्हणजे फाईल समाप्त, अशी तिची लेखनसीमाही असते. मोबाइलमधलें नेहमींचें जेपेग छायाचित्र २५५ व २१६ या दोन बाइटांनीं उघडतें आणि २५५ व २१७ यांनीं मिटतें. पीएनजी या चित्रप्रकाराचा आठ बाइटांचा मायना तर फारच विचारपूर्वक योजलेला आहे. पहिला बाइट १३७. तो मुद्दाम १२७ हून मोठा ठेवला, कारण केवळ अक्षरांसाठीं असलेल्या जुन्या वाटेनें फाईल गेली तर प्रथम हाच बाइट बिघडतो व बिघाड लागलीच कळतो. मग प्रकाराचें नांव, आणि त्यापुढें ओळ संपविण्याच्या खुणा; वाटेंतल्या एकाद्या यंत्रानें ओळींच्या शेवटांत आगाऊपणें फेरफार केला असेल तर त्या चुगली करतात. माथाच वाटेंतल्या हालांची साक्ष देतो. यापुढें चित्राच्या प्रत्येक खंडामागें पडताळ्याचा अंक असतो. सांध्यांवरचे शिक्के ते हेच.

या मायन्यांवरून फाईल ओळखणारा 'फाईल' याच नांवाचा प्रोग्राम अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या यूनिक्स व्यवस्थेंत १९७३ पासून आहे, आणि आज बहुतेक यंत्रांवर आढळणारी त्याची मोफत आवृत्ति इयान डार्विन यांनीं १९८६ मध्यें लिहावयास घेतली. ज्या कोष्टकांत सगळे मायने टिपलेले असतात त्याचें नांव 'मॅजिक'. नांव जादूचें असलें तरी काम निव्वळ कारकुनाचें आहे! गंमत अशी कीं, बेस-६४ चे नियम ठाम असल्यामुळें मायना गुंडाळलेल्या स्थितींतही लपत नाहीं. गुंडाळलेली पीडीएफ नेहमीं जे, व्ही, बी, ई, आर अशीच सुरू होते. सराईत माणूस गांठ न सोडतांच आंत काय आहे तें सांगतो.

परंतु माथ्यावर विसंबून नेहमींच भागत नाहीं. पी आणि के या दोन अक्षरांनीं सुरू होणारी फाईल झिप या प्रकारची असते. १९८९ सालीं हा प्रकार प्रचारांत आणणारे फिल कॅट्झ यांचीं तीं आद्याक्षरें. झिप म्हणजे वास्तविक एक पेटी. वर्डचा आजचा कागद, एक्सेलचा हिशेब, ईपब पुस्तक, अँड्रॉइड मोबाइलवर चढविण्याचा प्रोग्राम, हीं सर्व आंतून झिपच होत. दोन अक्षरें पाहून "झिप" असें लिहून मोकळें होणारा प्रोग्राम चूक करीत नाहीं, पण उत्तर अर्धेंच देतो. पेटी उघडून आंतली यादी पाहिल्याशिवाय अर्ज आणि हिशेब निराळे होत नाहींत.

माथा एक आणि पोटांत आणखी कांहीं, याचा अस्सल नमुना खानदेशांतच दगडावर आहे. चाळीसगांवाजवळ पाटणें येथें देवीच्या देवळांत शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांचे सिद्धान्तशिरोमणि आदि ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ काढला व तेथल्या निकुंभ राजांनीं त्यास उत्पन्न लावून दिलें, ही हकीकत त्यांत आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो १८६५ मध्यें विद्वानांपुढें आणला. लेख सुरू होतो संस्कृतांत; वंशावळ, स्तुति, सर्व कांहीं प्रशस्तीच्या थाटाचें. शेवटीं मात्र भाषा बदलून मराठी येते, आणि ती मठाला मिळावयाच्या उत्पन्नाच्या बाबी सांगूं लागते. पहिल्या ओळी वाचून "संस्कृत प्रशस्ति" अशी चिठी लावणाऱ्याच्या हातून जुन्या मराठीचा मोलाचा तुकडा निसटला असता.

सर्वांत कठीण प्रकार मायनाच नसलेल्यांचा. साधा मजकूर, म्हणजे नुसतीं अक्षरें, याला माथा नसतो. तेथें प्रोग्रामला अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज कधीं हास्यास्पदही होतो. विंडोज एक्सपीच्या काळीं नोटपॅड या साध्या लेखनाच्या प्रोग्राममध्यें चार, तीन, तीन व पांच अक्षरांचे चार इंग्रजी शब्द लिहून जतन केले आणि फाईल पुन्हां उघडली, तर कांहीं वाक्यांच्या जागीं चिनी अक्षरें किंवा रिकामे चौकोन दिसत. मजकूर यत्किंचितही बदललेला नसे. फक्त त्याचा प्रकार ओळखण्यांत नोटपॅड फसे. लोकांनीं मात्र त्यांत राजकीय कारस्थान पाहिलें.

देवनागरीचें या बाबतींत बरें आहे. युनिकोड मजकूर आज बहुधा यूटीएफ-८ या रीतीनें सांठवितात. तींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, त्यांतला पहिला २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. तीन-तीन पावलांवर हा ताल लागला कीं मजकूर देवनागरी आहे हें न वाचतां कळतें. २०१४ सालीं मोडीलाही युनिकोडमध्यें जागा मिळाली. तिची खूण चार बाइटांची, २४० व १४५ पासून सुरू होणारी. पण युनिकोड रुळण्यापूर्वीं छापखान्यांतून जें मराठी टंकलेखन झालें त्याची गोष्ट दुःखाची आहे. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी अक्षरांचे आकार बसविलेले फाँट त्या वेळीं वापरीत. तशी फाईल आज प्रोग्रामपुढें ठेवली तर तो निःशंकपणें "साधा रोमन मजकूर" असें उत्तर देतो, कारण बाइट तसेच आहेत. योग्य फाँट हाताशीं नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि कचरा समजून कोणी ती पुसूनही टाकतो. दीडशें वर्षांपूर्वींचा मोडी कागद वाचणारा माणूस सांपडतो; तीस वर्षांपूर्वींची अशी मराठी फाईल ओळखणारा सांपडतोच असें नाहीं.

चुकीपेक्षां लबाडी वाईट. फाईलीच्या नांवापुढचें शेपूट कोणीही बदलूं शकतो. विंडोजवर चालणारा प्रोग्राम एम व झेड या अक्षरांनीं सुरू होतो. हीं मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधील गृहस्थांचीं आद्याक्षरें. छायाचित्र म्हणून आलेल्या उताऱ्याच्या माथ्यावर एम-झेड दिसलें तर तो उतारा नव्हे, दारांत उभा असलेला चोर आहे, असें समजून प्रोग्रामनें तो बाहेरच ठेवावा. आणि माथा बरोबर असला तरी निश्चिन्त होऊं नये. वतनासाठीं खोटी सनद बनविणारा मायना बिनचूकच लिही. तो फसे तो आंत. शके १५९६ पूर्वींच्या मितीच्या कागदावर राज्याभिषेक शक आढळला तर मायना, वळण, कागदाचा जुनेपणा, सगळें व्यर्थ, कारण तो शकच १६७४ मध्यें सुरू झाला. म्हणून नीट लिहिलेला प्रोग्राम आधीं माथा पाहतो, मग पाय, मग सांधे, आणि शेवटीं त्या प्रकारच्या वाचकाकडे सबंध फाईल सोपवून ती खरोखर उघडते कीं नाहीं याची खातरी करून घेतो. एवढ्या पायऱ्या कंटाळवाण्या वाटतात व घाईंत गाळल्या जातात, हेंही खरें.

एवढें करूनही ओळख न पटणारे कागद उरतातच. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, त्या काळच्या अभ्यासकांना हें दुखणें चांगलें ठाऊक होतें. पेशवाईंतल्या पुष्कळ पत्रांवर 'छ' हें चंद्राचें अक्षर, त्यापुढें तारखेचा आंकडा व मुसलमानी महिना एवढेंच असतें. सालाचा पत्ता नसतो. मग पत्रांत कोणाचें नांव आलें आहे, कोणती छावणी कोठें पडली आहे, यावरून साल बसवावें लागतें, आणि बसेना तर जागा कोरी सोडावी लागते. अदमासानें साल ठोकून दिलें कीं पुढचे दहाजण तेंच उतरवून घेतात, व मग तें काढून टाकण्यास एक पिढी खर्ची पडते.

प्रोग्रामलाही अशी कोरी जागा सोडतां येते. ठावठिकाणा न लागलेल्या मालासाठीं 'नुसते बाइट' एवढ्याच अर्थाचें एक नांव इंटरनेटच्या व्यवहारांत ठरवून ठेविलेलें आहे. तें लावून प्रोग्रामनें माल जसाच्या तसा ठेवावा, आल्याची तारीख टिपावी, आणि पाठविणाऱ्या शेतकऱ्याला, अजून मुदत आहे तोंवर, उतारा पुन्हां धाडण्यास कळवावें. यूनिक्सचा तो १९७३ चा जुना कारकून तर अशा वेळीं याहूनही थोडक्यांत आटोपतो. ओळख पटली नाहीं कीं फाईलीच्या नांवापुढें तो 'डेटा' एवढा एकच शब्द लिहितो.