एका अक्षराची चूक



संयोजकांनी मला आधीच बजावलंय, "पाच मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको." म्हणून आज हृदयाबद्दल बोलते.

विज्ञानाच्या वहीत आपण सगळ्यांनी हृदयाचा छेद काढलाय. एक बाजू लाल, एक निळी आणि नावं उजवीकडे एकाखाली एक. चार कप्पे आणि झडपा अजूनही पाठ असतील. पण दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावणाऱ्या त्या स्नायूच्या आत काय चालतं, हे त्या आकृतीत नव्हतं. ते शोधण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांच्यापैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टीन साइडमन. त्या हृदयरोगतज्ज्ञ, तर त्यांचे पती जोनाथन जनुकशास्त्रज्ञ. हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये दोघं मिळून प्रयोगशाळा चालवतात.

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी हा त्यांचा अभ्यासाचा आजार. यात रक्तदाबासारखं कारण नसतानाही हृदयाचा स्नायू जाड होतो. साधारण पाचशे माणसांत एकाला तो असतो. अनेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही; काही जण मात्र ऐन तारुण्यात, खेळता खेळता कोसळतात.

माझा धाकटा मामा एकोणतिसाव्या वर्षी कबड्डीच्या मैदानावर असाच गेला. आजोबाही तरुणपणीच झोपेत गेले होते. गावात म्हणायचे, "त्या घराला पुरुष लाभत नाही." नशीब म्हटलं की पुढचं विचारायला कुणी जात नाही.

साइडमन यांच्या गटाने ते विचारलं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात कोटिकुक नावाचं गाव आहे. तिथल्या एका मोठ्या कुटुंबात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्या कुटुंबाच्या वंशावळीच्या आधारे १९८९ साली या गटाने दोष चौदाव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. १९९० साली नेमकी जागा सापडली. स्नायूत मायोसिन नावाचं प्रथिन असतं. वल्हं मारावं तसं ते शेजारचा अ‍ॅक्टिनचा धागा ओढतं आणि स्नायू आकसतो. मायोसिनची ही साखळी १९३५ दुव्यांची. त्यातला ४०३वा दुवा या कुटुंबात बदललेला होता. आणि तो बदलला होता जनुकातल्या एकाच अक्षरामुळे: 'जी'च्या जागी 'ए'.

कॉम्प्युटरवर बोलायचं नाही हे मान्य, पण एवढं बोलू द्या. सुमारे ५८०० अक्षरांच्या मजकुरात एक अक्षर चुकलेलं, आणि तरी प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालतोय! असला बग सर्वांत अवघड. शिवाय तेव्हा मानवी जनुकांचा संपूर्ण मजकूर कुणाच्याच हातात नव्हता. आम्ही आज एक बटण दाबून शोधतो, तिथे त्यांना माणसांच्या रक्ताच्या नमुन्यांतून वाट काढावी लागली.

पुढे त्यांनी हाच दोष उंदरांत आणून आजाराची वाटचाल अभ्यासली. इतर जनुकांतले दोषही सापडत गेले. २०१२ साली स्टॅनफर्डचे जेम्स स्पुडिच यांच्यासारख्या संशोधकांसोबत साइडमन दाम्पत्याने औषध शोधणारी कंपनी काढली. तिथून आलेलं मावाकॅम्टेन हे औषध मायोसिनची जादा ओढ कमी करतं. या आजाराच्या एका प्रकारात, जिथे रक्ताची वाट अडते, प्रौढांना ते देण्यास अमेरिकेत २०२२ साली मंजुरी मिळाली. अक्षर सापडल्यापासून औषधापर्यंत बत्तीस वर्षं!

हा विषय आपल्याही घरचा आहे. हृदयाच्या स्नायूतल्याच दुसऱ्या एका जनुकातून २५ अक्षरं गळालेली माणसं दक्षिण आशियात सुमारे चार टक्के आहेत. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या के. थंगराज यांचा सहभाग असलेल्या संशोधनातून २००९ साली हे पुढे आलं. अशा प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, पण धोका वाढतो.

मामाला नेमकं काय होतं, हे आता कळायला मार्ग नाही. पण हे सगळं वाचल्यावर मी आजोळच्या माणसांची यादी केली आणि एकेकाला इकोसाठी पाठवलं. माझा इको ठीक निघाला. मावसभावाचा स्नायू जाड निघाला. तो आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे, आणि त्याच्या दोन्ही मुलांची तपासणी ठरल्या वेळी होते. दोषी जनुक असलेल्या आईवडिलांकडून प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते.

आपण आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. घरातल्या कुणाचं काय झालं हे सांगू शकणारी आई, आत्या, मावशी अजून आहेत. त्यांना विचारून घ्या, लिहून ठेवा. कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर ती वंशावळ घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. ईसीजी आणि इको या दोन्ही तपासण्या आज तालुक्याच्या गावीही होतात. कोटिकुकच्या त्या कुटुंबाने आपली दुःखं मोजू दिली, म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे.