हाफलिंग कोणाला फसवणार नाही?

 डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं रंगवायच्या खेळाचा डाव मांडून बसणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींशी आज बोलायचंय, तेही त्यातल्या हाफलिंग, म्हणजे बुटक्या जमातीच्या, चोराविषयी. तीन फूट उंची, चपळ बोटं, जिभेवर साखर. हे पात्र सगळ्यांनाच हवं असतं. चपळाईचे आकडे, खंजीर, कुलपं उघडायची हत्यारं, सगळं तुम्ही कागदावर नेटकं लिहिता. आणि पूर्वायुष्य? अनाथ. गाव नाही, नातं नाही. बाळांनो, असं करू नका. हा कोणाला कधीच फसवणार नाही, ते आधी ठरवा.

असली लबाड पात्रं उभी करण्यात आपला मुलूख कमी नाही. कवलापूरच्या तमासगीर काळू-बाळूंनी 'जहरी प्याला' या वगात हवालदाराचा वेश चढवून लोकांना पोट धरून हसायला लावलं. तमाशातल्या गवळणीतला, कृष्णाचा सवंगडी पेंद्या बघा. पायानं अधू, पण गवळणींची वाट अडवील, मावशीशी हुज्जत घालील. कृष्णाची साथ मात्र सोडणार नाही. म्हणून त्याची खोडी आपल्याला गोड वाटते.

आता आपलं भडंगच बघा. त्यात तळलेला लसूण लागतोच. पण पातेलंभर चुरमुरा असतो, म्हणून तो मूठभर लसूण चवीचा. लबाडी म्हणजे लसूण. गाव, घर, उधारी, मावशीचा धाक हा चुरमुरा. नुसत्या लसणाचा बकाणा कोण भरील? आणि लसूण कच्चाही चालत नाही, तेलात नीट तळावा लागतो. चोरीलाही तसं कारण मुरलेलं हवं.

आता गाव कुठून आणायचं? टोल्किनचा हॉबिट 1937 साली आला, तो जमिनीतल्या घरात राहणारा. 1974 साली निघालेल्या या खेळातला हाफलिंग त्याच्याच कुळातला. आणि आपल्या हरिपूरला हळद साठवायची पेवं! जमिनीत खोल, तोंड अरुंद, पोट मोठं. आतली कोंदलेली हवा जिवावर बेतते, म्हणून पेव उघडून हवा खेळू दिल्याशिवाय आत उतरायचं नाही. 2005च्या पुरात त्यांतली बरीच गेली. तुमचा हाफलिंग असल्या पेवांच्या गावचा असू द्या. अरुंद तोंडातून सरकणं, काळोखात हातानं चाचपत जाणं तो तिथंच शिकला. व्यापाऱ्याची हळद तो उचलील, पण पेवात उतरणाऱ्या हमालाच्या मजुरीला हात लावणार नाही. झालं, पात्र उभं राहिलं!

  तेव्हा मुद्दा परत सांगतो: कोणाला लुटणार हे मागाहून सुचेल, कोणाला लुटणार नाही ते आधी ठरवा. पुढच्या डावाला बसण्याआधी त्या माणसाचं नाव कागदावर लिहा, आणि डाव चालवणाऱ्यालाही सांगून ठेवा.