प्रतिकारशक्ती आणि घरातलं शेवटचं ताट

(आकाशवाणीवरील आरोग्यविषयक भाषणाचा संपादित अंश)



इचलकरंजीत माझा दवाखाना आहे. यंत्रमागांचं गाव. सकाळी रात्रपाळी सुटली की माझ्याकडे पहिली गर्दी होते ती माग कामगारांची. डोळे तांबारलेले, केसांत कापसाचं तूस, आणि बहुतेकांची मागणी एकच. "डॉक्टर, इम्युनिटी कमी झालीय, काहीतरी चांगलं लिहून द्या." २०२० पूर्वी हा शब्द माझ्या दवाखान्यात क्वचितच ऐकू यायचा. तेव्हा लोक 'ताकदीचं औषध' मागायचे आणि ते लाल रंगाचं असलं तर जास्त खूश व्हायचे. करोनानं शब्द बदलला, मागणी तीच राहिली.

गेल्या वर्षी पावसाळ्यात असाच एक गृहस्थ आला. वय बेचाळीस, सोबत बायको. खुर्चीवर बसायच्या आधी त्यानं पिशवीतून तीन वस्तू काढून टेबलावर मांडल्या: गुळवेलीचा रस, जस्ताच्या गोळ्यांची डबी आणि च्यवनप्राशची बरणी. "हे सगळं चालू आहे, तरी सर्दी-खोकला हटत नाही. ह्याच्यापेक्षा भारी काही आहे का?" मी विचारलं, किती पैसे गेले? हजाराच्या आसपास, म्हणाला. खोकला किती दिवस? तीन आठवडे. वजन? पँट सैल झालीय. झोप? रात्रपाळी करून आल्यावर पत्र्याच्या खोलीत जेमतेम चार तास, तीही शेजारच्या मागांच्या खडखडाटात. तंबाखूची पुडी वरच्या खिशातून डोकावतच होती.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला तर थुंकी तपासायचीच, हा नियम आपण सगळ्यांनी लक्षात ठेवावा. त्याची तपासली. क्षयरोग निघाला. रक्तातली साखर तपासली, तर उपाशीपोटी दोनशे दहा. मधुमेह आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि हा माणूस रोज सकाळी साखरेच्या पाकातला च्यवनप्राश दोन चमचे खात होता, ताकद यावी म्हणून.

आता ही प्रतिकारशक्ती म्हणजे नेमकं काय? ती एका जागी साठवलेली वस्तू नाही. आपली अख्खी कातडी, नाकातला शेंबूड, श्वासनळीतले धूळ बाहेर ढकलणारे बारीक केस, पोटातलं आम्ल, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्यांनी बनवलेली प्रतिपिंडं आणि जुन्या शत्रूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी, या सगळ्यांचा तो मिळून चाललेला कारभार आहे. तो 'वाढवून' चालतच नाही. अति झालं तर याच पेशी आपल्याच सांध्यांवर, आपल्याच थायरॉइडवर उलटतात. आमवात हा असाच आजार. शरीरात या पेशींना आवर घालणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या साकागुची, ब्रन्कॉव आणि रॅम्सडेल या तीन शास्त्रज्ञांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तेव्हा कुणी 'दहापट इम्युनिटी' विकत असेल, तर त्याला विचारावं, बाबा, आवर घालणाऱ्या पेशींचं काय केलंस?

गुळवेलीबद्दल दोन शब्द, कारण प्रश्न नेहमी येतो. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद बाजूला ठेवू. माझं म्हणणं एवढंच की काढा हेही औषधच आहे. ते जाणकाराला विचारून घ्यावं, महिनोन् महिने स्वतःच्या मनानं घेऊ नये, आणि कावीळ झाली तर डॉक्टरांपासून लपवू नये. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज घेऊन सामान्य माणसाची सर्दी टळत नाही, झाली तर थोडी लवकर आवरते, असं अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलेलं आहे. पेरू आणि लिंबू मात्र जरूर खावं.

झोपेकडे वळतो, कारण या गावात तिची फार हेळसांड होते. अमेरिकेत २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६४ निरोगी माणसांची आठवडाभराची झोप मनगटावरच्या यंत्रानं मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. विषाणू तोच, थेंबही तेवढेच. फरक होता झोपेचा.

"आम्ही रात्रपाळीवाले, आम्ही काय करायचं?" हा प्रश्न रास्त आहे. आठ तास झोपा असं सांगून मी मोकळा होणं सोपं आहे, पण घर एका खोलीचं असेल तर झोपायचं कुठं? तरी काही गोष्टी जमतात. पाळी सुटायच्या आधीचे दोन-तीन तास चहा घेऊ नये. घरी जाताना टोपीनं डोळ्यांवर सावली ठेवावी, म्हणजे मेंदूला 'दिवस उजाडला' अशी वर्दी पोचत नाही. खिडकीला जाड काळं कापड, कानात कापूस, मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात. सकाळी एकदम झोप होत नसेल तर दुपारी कामावर जाण्याआधी आणखी तास-दीड तास. आणि घरच्यांनी त्या वेळी पाहुण्यांना 'झोपलेत' असं बेधडक सांगावं. दिवसा झोपलेल्या माणसाला आळशी म्हणायची आपली सवय जायला हवी.

तंबाखू आणि विडीबद्दल नवीन काय सांगू? धुरानं श्वासनळीतले ते बारीक केस लुळे पडतात, हे मात्र ध्यानात ठेवा. चुलीचा धूरही तेच काम करतो, आणि तो बाईच्या छातीत जातो. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीनपट असतो. चालणं तर सगळ्यांनाच माहीत आहे. रोज अर्धा तास, घाम येईल न येईल इतपत. आणि लस म्हणजे ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशींची शाळा. साठीच्या पुढच्यांनी फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. बाटल्यांवर हजार रुपये घालवणारा माणूस लशीचं नाव काढलं की महाग म्हणतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

आता पुन्हा त्या गृहस्थाकडे. त्याची औषधं सुरू झाली. क्षयाची औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि आहारासाठी महिन्याला हजार रुपये खात्यावर जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते पाचशे होते. मग मी त्याच्या बायकोला म्हटलं, तुम्हीही काट्यावर उभ्या राहा. ती हसली. "डॉक्टर, ह्यांना बघा की. मला काय धाड भरलीय?"

काटा छत्तीस किलोवर थांबला. उंची पाच फुटांच्या आत-बाहेर. दिवसभर कांड्या भरायचं काम, घरचं सगळं, आणि रात्री नवरा, सासू, दोन मुलं जेवल्यावर हिचं ताट. त्यात काय असतं? उरलेली भाकरी, आमटीचं पाणी, चटणी. घरात अंडी आली तर ती मुलांना आणि आता आजारी नवऱ्याला. त्या तीन बाटल्यांमधलं एक चमचाही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. एका अर्थी ते बरंच झालं म्हणा.

क्षयाचे जंतू आपल्यापैकी कितीतरी जणांच्या शरीरात असतात. शरीर त्यांच्याभोवती पेशींची भिंत बांधून त्यांना कोंडून ठेवतं, आणि दहातल्या नऊ जणांना जन्मभर आजार होतच नाही. ही भिंत बांधायला आणि राखायला अन्न लागतं. पोट वर्षानुवर्षं अर्धं राहिलं की भिंत खचते. आपल्या देशात क्षयाला सगळ्यात जास्त हातभार लावणारी गोष्ट कुपोषण आहे.

हे नुसतं मत नाही. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. 'रेशन्स' हे त्याचं नाव, डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव त्यात अग्रभागी होते. २८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसं त्यात होती. रुग्णांना सगळ्यांनाच शिधा मिळाला. घरच्यांपैकी मात्र एका गटाला माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटाला दिल्या नाहीत. शिधा मिळालेल्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला आणि फुप्फुसाचा, जंतू सापडलेला क्षय ४८ टक्क्यांनी. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकांत हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. डाळ-तांदूळ! ज्याची जाहिरात कुणी करत नाही.

प्रतिपिंडं प्रथिनांची बनतात. म्हणून ताटात रोज डाळ किंवा उसळ हवी, परवडेल तसं अंडं, दूध, मासे. ज्वारी-नाचणीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे यांच्यातल्या चोथ्यावर आतड्यातले उपयोगी जंतू जगतात आणि ते आपल्या प्रतिकार पेशींना शिस्तीत ठेवतात. ताक आहेच. मी त्या बाईंना हिशेब करून दाखवला. हजार रुपयांच्या बाटल्यांत सव्वाशेच्या आसपास अंडी येतात.

आणखी एक गोष्ट मी त्यांच्या नवऱ्याला ऐकवली. १९९५ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच एक अभ्यास आला होता. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर एक छोटीशी सारखीच जखम केली, आणि तशी जबाबदारी नसलेल्या बायकांच्याही. सेवा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. म्हणजे काळजी वाहणाऱ्याच्या शरीरावर त्याची खूण उमटते, ती मोजता येते. तो ऐकून गप्प बसला. मग बायकोला म्हणाला, "मुलांबरोबर तूपण बसत जा जेवायला." ती म्हणाली, "मग वाढायचं कुणी?"

हा प्रश्न मला सोडवता आला नाही. तो त्यांच्या नववीतल्या मुलीनं सोडवला. तिनं सगळी भांडी मधे मांडून ज्यानं त्यानं वाढून घ्यायची पद्धत सुरू केली. सासूबाई पंधरा दिवस रागावल्या, मग त्याही त्या पंगतीला बसल्या.

बाईंची क्ष-किरण तपासणी निर्दोष निघाली, घरातल्या सगळ्यांना प्रतिबंधक गोळ्या दिल्या. सहा महिन्यांनी नवऱ्याची थुंकी स्वच्छ झाली होती, साखर आटोक्यात होती. मालकानं आता त्याला एक आठवडाआड दिवसपाळी दिली आहे. तंबाखू सुटली म्हणतो, पण खिसा अजून मधूनच फुगलेला दिसतो. त्या दिवशी बाई न सांगता काट्यावर उभ्या राहिल्या. चाळीस किलो दोनशे ग्रॅम. मुलीनं आकडा हाताच्या तळव्यावर पेननं लिहून घेतला. घरी दाराच्या आतल्या बाजूला तिनं पाचही जणांच्या वजनाचा कागद चिकटवलाय, त्यावर चढवायचा होता.