निळी टोपी

आपल्या भाषेने माणसाची सारी अब्रू त्याच्या डोक्यावरील वस्त्रात साठवून ठेवली आहे. पागोटे पायांवर ठेवले की शरणागतीची सीमा झाली, पगडी फिरवली की दिलेला शब्द मोडला आणि कुणाला टोपी घातली की त्याची फसवणूक झाली. अशी भाषा बोलणाऱ्या श्रोत्यांना, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकाची फिकट निळी टोपी म्हणजे केवळ पोशाखाचा एक भाग नव्हे, हे पटवून देण्यास फारसे श्रम पडू नयेत.

राजधानीत राहणाऱ्याला शिरोभूषणांची ही लिपी दर वर्षी २६ जानेवारीला वाचायला मिळते. कर्तव्यपथावरून पथके जाऊ लागली की एका कानाकडे कललेली मरून रंगाची टोपी पाहून हे छत्रीधारी सैनिक, काळी पाहून हे रणगाडा दलाचे, हिरवी पाहून हे पायदळाचे, असे जाणते लोक सांगू लागतात. लष्करात या टोपीला ‘बेरे’ म्हणतात. तिचा प्रत्येक रंग सांगतो की हा अमक्यांचा आहे. निळा रंग मात्र असे सांगतो की समोर जे दोघे भांडत आहेत, त्यांपैकी हा कोणाचाच नाही. आणि तो ते दुरून, मोठ्याने सांगतो. सैनिकाला पहिल्या दिवसापासून दडायला शिकवतात. माती, पाचोळा, वाळू यांत मिसळून जाईल असा वेष देतात. शांतिसैनिकाच्या डोक्यावर मात्र वाळूत किंवा झाडीत कोठेच न मिसळणारा रंग मुद्दाम ठेवतात. त्याची सुरक्षितता दिसण्यात आहे, असे गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे, याचा विचार करावा असे मला वाटते.

संयुक्त राष्ट्रांचा निळा ध्वज १९४७ साली मान्य झाला. युद्धाचा रंग तांबडा, म्हणून त्याच्या विरुद्ध असा हा निळा निवडला, असे सांगतात. टोपीचा जन्म त्यानंतर नऊ वर्षांनी, सुवेझच्या संघर्षात झाला. १९५६ च्या नोव्हेंबरात आमसभेने आणीबाणीचे सैन्य उभारण्याचे ठरवले. कॅनडाने देऊ केलेल्या पलटणीचे नाव ‘क्वीन्स ओन रायफल्स’ आणि तिचा पोशाख ब्रिटिश धाटणीचा. ज्या ब्रिटिशांनी नुकतेच बाँब टाकले, त्यांच्यासारखेच दिसणारे सैनिक ईजिप्तला कसे चालावेत? तेव्हा वेगळी खूण हवी होती आणि तीही तातडीने. निळ्या टोप्या शिवून येण्यास आठवडे लागणार होते. अमेरिकी सैन्याच्या शिरस्त्राणांची प्लास्टिकची आतली कवचे युरोपात विपुल होती. त्यांवर निळा रंग फवारला आणि सैनिक रवाना झाले. एवढे मोठे प्रतीक अखेर कोठीतील टंचाईतून निघाले, हा तपशील माझ्यासारख्या सरकारी माणसाला विशेष प्रिय आहे.

भारतीय सैनिकांनी मात्र हे काम निळ्या टोपीच्याही आधी केले होते आणि त्याचे नेतृत्व कोल्हापूरकडच्या एका मराठी सेनानीकडे होते. कोरियातील युद्धबंदीनंतर जे युद्धकैदी मायदेशी परतण्यास नकार देत होते, त्यांचा ताबा १९५३ साली भारतीय अभिरक्षक दलाकडे आला. मेजर जनरल शंकरराव थोरात त्याचे प्रमुख होते. कैदी बावीस हजारांहून अधिक, तर दलात सुमारे सहा हजार माणसे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीयांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. इंचॉनच्या जहाजांवरून त्यांना हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला पकडून ठेवले, तेव्हा थोरात निःशस्त्र होऊन काटेरी तारांच्या आत गेले आणि त्याला सोडवून आणले. या शौर्यासाठी त्यांना जे अशोकचक्र, वर्ग दुसरा, मिळाले, त्याला आज कीर्तिचक्र म्हणतात. निळ्या टोपीने पुढे जे सांगायचे होते, ते त्या दिवशी त्यांच्या रिकाम्या हातांनी सांगितले.

कारण टोपी स्वतः काहीच अडवत नाही. तिच्यात जे बळ असते ते पाहणाऱ्याने उसने दिलेले असते. १९६७ च्या मे महिन्यात ईजिप्तने संमती काढून घेतली आणि गाझातील सैन्य आवरते घेणे भाग पडले. निघण्याच्या तयारीत असलेले भारतीय जवान जूनमधील युद्धाच्या माऱ्यात सापडून मेले. १९९५ साली स्रेब्रेनिकात निळ्या शिरस्त्राणांच्या देखत हजारो पुरुष आणि मुलगे मरणाकडे नेले गेले. तेथे ती टोपी आसऱ्याला आलेल्यांची फसवणूक ठरली, आणि आपला मराठी वाक्प्रचार दुर्दैवाने शब्दशः खरा झाला. उलट २००० साली सिएरा लिओनमधील कैलाहुनला बंडखोरांनी वेढलेल्या २२३ भारतीय सैनिकांनी सुमारे ७५ दिवस शस्त्रे खाली ठेवली नाहीत. जुलैमध्ये ते लढून बाहेर पडले. काँगोत १९६१ साली कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी रस्त्यावरील नाकेबंदी फोडताना प्राण दिले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातील परमवीरांच्या एकवीस अर्धपुतळ्यांत परदेशात, संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत पडलेले तेच एक.

आपल्या घरचा अनुभव मात्र निराळा आहे. काश्मीरमधील युद्धविरामरेषेवर १९४९ पासून संयुक्त राष्ट्रांचे लष्करी निरीक्षक आहेत. १९७२ च्या सिमला करारानंतर त्यांचे काम संपले, अशी भारताची भूमिका. सुरक्षा समितीने ठरवल्याखेरीज ते संपत नाही, असे संयुक्त राष्ट्रांचे म्हणणे. दिल्लीत पुराना किला रोडवरील सरकारी बंगल्यात त्यांचे कार्यालय होते. २०१४ साली सरकारने तो रिकामा करण्यास सांगितले. भारताची भूमिका मला योग्य वाटते. परंतु ज्या देशाने ही टोपी घालून २,९०,००० हून अधिक माणसे जगभर पाठवली आणि सुमारे १८० गमावली, त्या देशालाही आपल्या अंगणात ती टोपी खुपते, हे ध्यानात घेतले पाहिजे. कोणत्याही यजमानाला ती कधी ना कधी खुपणारच. म्हणून दिल्लीत २००० साली स्थापन झालेल्या शांतिसेना प्रशिक्षण केंद्रात अधिकाऱ्यांना नेमबाजी शिकवण्याचे कारण नसते. ती त्यांना येतच असते. परक्याच्या दारात कसे उभे राहावे, हे शिकणे अधिक कठीण.

ते उभे राहणे कसे असते, हे २००७ साली लायबेरियात गेलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांनी दाखवले. संपूर्ण स्त्रियांची अशी तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत प्रथमच जात होती. यादवी युद्धाने पोळलेल्या मन्रोव्हियाच्या रस्त्यांवर त्या रात्रीची गस्त घालीत, अध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा देत. तुकड्या बदलत राहिल्या. काम २०१६ पर्यंत चालले. निरोपाच्या वेळी अध्यक्षा एलेन जॉन्सन सरलीफ यांनी सांगितले, की या भारतीय स्त्रियांना पाहून लायबेरियाच्या मुली आपल्या देशाच्या पोलिसांत भरती होऊ लागल्या.