घर, ओटा आणि नगर



वसंत ऋतू आला की कवी आंब्याच्या मोहोराकडे पाहतो, वऱ्हाडी माणूस छपराकडे पाहतो! अमरावती-अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर चढू लागला म्हणजे घर हा काव्याचा नव्हे, जीविताचा प्रश्न होतो. म्हणून आज घराविषयीच बोलावे असा आमचा विचार आहे.

अमरावतीचा परकोट निजामाच्या राजवटीत १८०७ साली बांधावयास घेतला, तो पेंढाऱ्यांच्या भीतीने. पाच दरवाजे, चार खिडक्या आणि आत दाटीवाटीने वसलेली पेठ. अकोल्यास मोर्णेच्या पश्चिमेस जुने शहर, तर पूर्वेस ताजनापेठ आणि इंग्रजी अमलातील कचेऱ्या व बंगले. पेंढारी गेले, आगगाडी आली, आणि गाव भिंतीबाहेर पडले. आज रुक्मिणीनगर, गाडगेनगर, रणपिसेनगर अशी नगरेच नगरे झाली आहेत. प्रत्येकाचा प्लॉट, प्रत्येकाचे कंपाउंड.

आमचे जुने घर परकोटाच्या आत होते. मातीच्या जाड भिंती, वर धाबे, पुढे ओटा. उन्हाळ्यात माजघर गार राही. पावसाळ्यात धाबे गळे, तेही सांगितले पाहिजे. न्हाणीत उजेड नव्हता, आणि बायकांचे अर्धे आयुष्य पाणी भरण्यात गेले. तेव्हा आम्ही नव्या नगरात स्लॅबचे घर बांधले, यात चूक झाली असे आम्ही म्हणणार नाही.

चूक दुसरीच झाली. आम्ही ओटा बांधला नाही. पुरुषभर उंचीची भिंत मात्र हौसेने बांधली. आमची आजी रोज संध्याकाळी फाटकाशी जाई, आणि परत येई. एकदा म्हणाली, “घर मोठं झालं बाप्पा, पन बसाले जागा नाई.” आम्ही हसलो. पुढल्या वर्षी ती वारली, तेव्हा शेजारच्यांनी विचारले, “तुमच्याकडे कुणी म्हातारं माणूस होतं का?” श्रोतेहो, हा प्रश्न आम्हांला अजून टोचतो.

दूर ऑस्ट्रेलियात पहा. तेथेही ऊन कडक आणि जमीन मुबलक. त्यांच्या उपनगरांतून एका कुटुंबास एक घर, पुढे हिरवळ, मागे अंगण, अशीच रीत पडली. आपली नवी नगरे त्याच वळणावर गेली आहेत. पण तेथील जुन्या घरांना पत्र्याखाली ऐसपैस व्हरांडा असे. हा ‘व्हरांडा’ शब्द इंग्रजीत हिंदुस्थानातून गेला. म्हणजे जी सावली आपल्या देशातून गेलेल्या शब्दाने त्यांनी दाराशी ठेवली, ती आपण मात्र सिमेंटच्या भिंतीत चिणून टाकली!

मागे वळा, पुन्हा धाब्याखाली राहा, असा उपदेश आम्ही करीत नाही. गळके धाबे आम्ही सोसले आहे. मागणे एवढेच, की घर बांधताना नकाशावर एक हात जागा रस्त्याकडे तोंड करून सोडा. एक कडुलिंब लावा. आम्ही आमची भिंत कमरेइतकी उतरविली आणि बाहेर दगडी ओटा घातला. भाजीवाली तेथे टोपली टेकते, मुले अभ्यासाला बसतात, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांची नावे आता आम्हांला ठाऊक आहेत.

परकोट शत्रूसाठी होता. शेजाऱ्यासाठी ओटा असावा.