रोजच्या कामाची नियत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)





‘जीवनातील ध्येय’ या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, अशी संस्थेची आज्ञा झाली. ध्येय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे थोर पुरुषांच्या तसबिरी उभ्या राहतात. मी मात्र आज तसबीर नसलेल्या माणसांविषयी बोलणार आहे.

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी ‘मी कोण होणार?’ हा निबंध देतो. डॉक्टर, इंजिनियर, पायलट अशी उत्तरे येतात. मध्यंतरी एका मुलाने वही कोरीच दिली. विचारले तर म्हणाला, “सर, अब्बा बेकरीत भट्टीवर असतात. मीही तिथेच जाणार. त्यात ध्येय ते काय लिहायचे?” मुलगा हुशार आहे. पण जे आयुष्य आपल्या वाट्याला येणार, त्याला काही अर्थच नाही, असे त्याने पंधराव्या वर्षीच ठरवून टाकले होते. पालकहो, नापास होण्यापेक्षाही मला याची भीती अधिक वाटते. ज्याला उद्याचा अर्थ दिसत नाही, तो आज अभ्यासाला कशाला बसेल?

याचे उत्तर शोधण्यासाठी लांब जायला नको. आपल्याच गिरणगावात, परळ-लालबागच्या चाळींत ते सापडते.

लोअर परळच्या डबक चाळीत निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबासह एकाच खोलीत राहत होते. एवढ्या जागेत मुलाने अभ्यास करावा तरी कुठे? सुभेदारांनी तोड काढली. मुलाला लवकर निजवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि त्याच्या जागी आपण आडवे व्हायचे. मुलाला पुस्तक हवे झाले आणि गाठीला पैसा नसला, तर ते लग्न झालेल्या लेकीच्या दारी जात. प्रसंगी तिचा दागिना गहाण ठेवून पुस्तक आणत. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे बी.ए. झाले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पण रामजी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वारले होते. मुलाने अमेरिकेची बोट धरलेलीही त्यांना दिसली नाही, मग राज्यघटनेची गोष्ट दूरच. त्यांच्या हातात होते ते फक्त एका रात्रीचे जागरण, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

दुसरे नाव गंगाराम सुर्वे. हे साधे गिरणी कामगार. पत्नी काशीबाईही गिरणीतच कामाला. १९२६ च्या सुमारास रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगारामांना मिळाले. त्याची जात, त्याचा धर्म, त्याचे आईबाप कोणालाच ठाऊक नव्हते. गंगारामांनी ते उचलून घरी आणले, त्याला आपले नाव दिले आणि शाळेतही घातले. पुढे निवृत्त होऊन ते गावी गेले आणि मुलगा लहान वयातच पुन्हा एकटा पडला. त्याने हॉटेलात पोऱ्या म्हणून काम केले, गिरणीत काम केले, महापालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी केली. ती करता करता तो शिकला आणि शिक्षक झाला. हेच कवी नारायण गंगाराम सुर्वे. त्यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा संग्रह १९६६ साली निघाला. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावात गंगाराम आजही आहेत. पाळीवर जाणाऱ्या त्या कामगाराने पदरात घेतले होते ते एक भुकेले मूल. साहित्याची सेवा करावी, असा काही बेत त्याने केलेला नव्हता.

आता आमच्या आया-बहिणींकडे वळतो. कोकण आणि घाटावरून आलेले हजारो कामगार एकटेच राहत. त्यांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका चाळीचाळीतून होत्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत भाकऱ्या थापायच्या आणि वर वाण्याची, सावकाराची उधारी वाहायची. या कामाला कोणी काम म्हणत नसे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. भाकरी तीच राहिली. पण आपल्या हातावर एवढी माणसे जगतात, हे त्या बाईला कळले आणि तिची मान वर झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पगार थांबले, आणि मग किती घरांची चूल बाईच्याच कष्टांवर पेटत राहिली! आज त्या गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे आहेत. भोंगा थांबला, पण गिरणगावाने राबून शिकवलेली मुले आज ठिकठिकाणी काम करीत आहेत.

या माणसांजवळ असे काय होते? आपल्या घरात त्यासाठी एक शब्द रोज वापरला जातो: नियत. नमाजाला उभे राहताना आपण नियत करतो, रोजा धरताना करतो. मग दुकानाचे फळकूट उघडताना, टॅक्सीला किल्ली लावताना, शिवणयंत्रावर बसताना का करू नये? आजचे हे काम कोणासाठी, एवढे मनाशी म्हटले की पुरे. भट्टीवरच्या माणसाचा पाव पहाटे आजाऱ्याच्या उशाशी पोचतो, शाळेच्या डब्यात पोचतो. हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे काम आणि नुसते दिवस ढकलणाऱ्याचे काम दिसायला सारखेच असले तरी करणाऱ्याच्या मनात फार अंतर असते.

माझ्या बोलण्याचा कोणी उलटा अर्थ घेऊ नये. आहे त्यात समाधान माना आणि शिक्षण सोडा, असे मी मुळीच सांगत नाही. शिपाई असताना सुर्वे शिकत राहिले, हे विसरू नका. मुलींच्या बाबतीत तर मी आग्रहाने सांगतो की दहावीनंतर तिचे पुस्तक बंद करू नका. पण शिक्षण म्हणजे केवळ मोठ्या पगाराची शिडी, असे मुलाच्या मनावर बिंबवाल, तर पाय घसरताच तो स्वतःलाच टाकाऊ समजेल.

म्हणून पालकांना एक विनंती. रात्री जेवताना “किती मार्क पडले?” हे जरूर विचारा, त्याबरोबर “आज कोणाच्या उपयोगी पडलास?” हेही विचारा. आणि तुम्ही दिवसभर काय काम केले, ते कोणापर्यंत पोचले, हे मुलांना सांगा. आपले वडील नेमके काय करतात, हे आमच्या कित्येक मुलांना ठाऊक नसते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रोजचे एक काम स्वतःच्या अंगावर घ्या. धाकट्या भावंडाचे पाढे घ्या, नाहीतर शेजारच्या आजोबांना औषधाच्या गोळ्या वेळेवर द्या. काम लहान चालेल, पण त्यात खाडा नको. महिनाभर हे केलेत की “माझ्या असण्याने काय होते?” हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. घरी जाल तेव्हा जिन्यात कोणी ओझे घेऊन चढत असेल, तर तिथूनच सुरुवात करा.