आधी पाठ मोजा, मग काम बदला
(विठ्ठलवाडी येथे कल्याण, अंबरनाथ व मुरबाड भागातील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विठ्ठलवाडी म्हटले की आज डोळ्यांपुढे रेल्वेचे स्टेशन आणि एस. टी.चे आगार येते, शेत येत नाही. तरीही या सभेत बसलेल्यांपैकी बहुतेकांचे भाताचे खाचर आहे, भाजीचा मळा आहे. त्याच घरातला एखादा मुलगा भिवंडीच्या गोदामात कामाला जातो, एखादी मुलगी ठाण्याच्या कचेरीत संगणकावर बसते. कचेरीत खुर्ची किती उंच असावी, पडदा डोळ्यांपासून किती लांब असावा, याचा विचार होऊ लागला आहे. त्याच मुलीची आई पावसाळ्यात दिवसदिवस चिखलात वाकून असते. तिच्या पाठीचा विचार कोण करतो? शेत हेही कामाचेच ठिकाण आहे. म्हणून आज त्याच पाठीविषयी बोलणार आहे आणि आपल्या खिशातला मोबाईल तिथे कसा उपयोगी पडतो, ते सांगणार आहे.

या शास्त्राला एर्गोनॉमिक्स म्हणतात. नाव अवघड असले तरी अर्थ सोपा आहे. माणसाला कामाच्या मापाचे करायचे नाही, काम माणसाच्या मापाचे करायचे. आपल्याकडे ही दृष्टी नवी नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा आणि आंबा देठासह उतरवणारा नूतन झेला आपल्यापैकी अनेकांनी वापरले असतील. कापणाऱ्याचे मनगट आणि झाडावर चढणाऱ्याचा जीव यांचा विचार त्या अवजारांत आहे. पण कोणते अवजार घ्यावे हे ठरवण्याआधी त्रास नेमका कुठे होतो ते कळले पाहिजे. इथे मोबाईलचे काम सुरू होते.

लावणीचा हिशेब

भाताची लावणी २० × १५ सें.मी. अंतरावर केली, तर एका गुंठ्यात सुमारे ३,३७० चूड बसतात. एका एकरात ते जवळजवळ १ लाख ३५ हजार होतात. चौघीजणींनी मिळून एक एकर लावला, तर प्रत्येकीच्या वाट्याला ३३ हजारांहून अधिक चूड येतात. तितक्या वेळा हात चिखलात जातो आणि तेवढा सगळा वेळ कंबर मोडलेलीच असते. त्याआधी आवण खणायचे, मुठी बांधायच्या, त्या वाहून आणायच्या. रात्री कंबर धरली की आपण म्हणतो, "वय झाले." हे वयाचे दुखणे नव्हे, कामाचे दुखणे आहे. कामाचे असल्यामुळे ते कमी करता येते.

एकदा लावणी चालू असताना एका भगिनीचा बाजूने फोटो काढून मी तिला दाखवला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मी एवढी वाकते?" वीस पावसाळे लावणी केलेल्या बाईने स्वतःची पाठ त्या दिवशी प्रथम पाहिली. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, ही यातली खरी अडचण आहे.

पाठ मोजण्याची रीत

यासाठी महाग फोन लागत नाही. पुढीलप्रमाणे करावे.

१. ज्याचा फोटो काढायचा त्याची आधी परवानगी घ्यावी. विशेषतः भगिनींचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नये. काढलेला फोटो आधी त्यांनाच दाखवावा, गावच्या ग्रुपवर टाकू नये.

२. फोटो बरोबर बाजूने, कमरेच्या उंचीवरून, फोन तिरपा न धरता काढावा. काम चालू ठेवावे, फोटोसाठी उभे राहू नये. व्हिडिओ घेतल्यास अधिक चांगले, कारण सर्वांत जास्त वाकलेला क्षण थांबवून पाहता येतो.

३. फोटोवर खुब्यापासून खांद्यापर्यंत एक रेघ ओढावी. खुब्यातून दुसरी सरळ उभी रेघ ओढावी. दोन्हींमधला कोन मुलाच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजावा. संगणकावर काम करणाऱ्या मुलामुलींना किनोव्हिया नावाच्या मोफत प्रणालीत व्हिडिओवरच हा कोन काढता येईल.

४. कोन २० अंशांच्या आत असेल तर पाठीवर ताण कमी. २० ते ६० अंश असेल तर सावध व्हावे. ६० अंशांच्या वर गेला तर त्या कामाची पद्धत बदलण्याचा विचार करावा. वाकताना अंग पिळले जात असेल, तर धोका आणखी वाढतो.

हे आकडे 'रेबा' या पद्धतीतले आहेत. ती २००० साली हिग्नेट आणि मॅकअ‍ॅटॅम्नी या दोन संशोधकांनी मांडली. मूळ पद्धतीत मान, पाय, हात आणि उचललेले वजन यांचेही गुण धरतात. आपण सुरुवातीला पाठीपुरती वापरली तरी डोळे उघडतात. लावणीत पाठ जवळजवळ आडवी होते, म्हणजे कोन ६० अंशांच्या पुष्कळ वर जातो.

दुखण्याची नोंद ठेवा

खताची, फवारणीची नोंद आपण ठेवतो, तशी अंगाचीही ठेवावी. १९८७ सालापासून जगभर वापरल्या जाणाऱ्या नॉर्डिक प्रश्नावलीत शरीराचे नऊ भाग धरले आहेत : मान, खांदे, कोपर, मनगट व हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, खुबे व मांड्या, गुडघे, घोटे व पावले. रोज संध्याकाळी यांपैकी काय दुखले आणि त्या दिवशी कोणते काम केले, एवढेच मोबाईलमध्ये बोलून ठेवावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनाही हे जमते. पंधरा दिवसांनी ऐकले की कोणत्या कामाने कोणता भाग धरतो ते स्वतःलाच कळते.

मोबाईलचा गजर दर अर्ध्या तासाला लावावा. गजर झाला की सर्वांनी दोन मिनिटे सरळ उभे राहावे, कमरेवर हात ठेवून पाठ हळूच मागे न्यावी. मुकादमाला वाटेल की वेळ वाया जातो. पण दुपारनंतर जो हात मंदावतो तो दुखण्याने मंदावतो, हे विसरू नये. आवण खणणे, मुठी वाहणे आणि लावणे ही कामे आळीपाळीने करावीत. एकच बाई दिवसभर एकाच कामाला लावू नये.

वाकणेच टाळता आले तर सर्वांत उत्तम. आपल्याच कर्जत मार्गावर नेरळजवळ श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र विकसित केले आहे. त्यात गादीवाफ्यावर साच्याने भोके पाडून बी टोकतात. चिखलणी, आवण खणणे आणि लावणी ही तिन्ही कामे वाचतात. टोकणीसाठी वाकावे लागतेच आणि तणाचा बंदोबस्त काटेकोरपणे करावा लागतो, हेही लक्षात घ्यावे. दुसरा मार्ग लावणी यंत्राचा. त्यासाठी चटई पद्धतीची रोपवाटिका लागते आणि एकट्याला यंत्र परवडत नाही, म्हणून गटाने विचार करावा. गाडीने जाऊन प्रत्यक्ष पाहावे, मगच आपल्या खाचराला काय जमेल ते ठरवावे.

ओझे किती उचलावे?

अमेरिकेतील 'नायॉश' या कामगार आरोग्य संस्थेने १९९१ साली ओझ्याचे सूत्र सुधारले. सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही त्यात २३ किलो ही मर्यादा धरली आहे. ओझे अंगापासून लांब गेले की मर्यादा उतरते. घोट्यापासून हातातले ओझे ५० सें.मी. पुढे असेल तर ती निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो होते. तेच ओझे जमिनीवरून उचलायचे असेल तर सुमारे ९ किलोच राहते. हे गणित करून देणारे मोबाईल ॲपही आहे. पण सूत्र पाठ नसले तरी सार लक्षात ठेवावे : ओझे पोटाजवळ घ्या, जमिनीवर ठेवू नका, उचलताना वळू नका.

आता आपली गोणी पाहा. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, तरी ती एकट्याने उचलण्याजोगी नाही. दोघांनी उचलावी किंवा हातगाडीवर घालावी. भाजी बाजारात न्यायची तर मोठ्या पोत्याऐवजी दोन्ही बाजूंनी धरता येणारा क्रेट वापरावा आणि तो गुडघ्याहून उंच ओट्यावर किंवा फळीवर भरावा. पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपात नुसते पाणीच १६ किलो असते, पंपाचे वजन वेगळे. पंप जमिनीवरून पाठीवर घेऊ नये. बांधावर ठेवून, त्याला पाठ लावून पट्टे अडकवावेत. भरतानाच अर्धा भरला तरी चालेल, खेप वाढेल पण कंबर वाचेल.

शिडी, वीज आणि ऊन

झाडावरून आणि शिडीवरून पडून होणाऱ्या इजा आयुष्यभराच्या असतात. शिडी जमिनीशी सुमारे ७५ अंशांचा कोन करून लावावी. २०१३ साली नायॉशने शिडीचा कोन दाखवणारे मोबाईल ॲप काढले होते. आपल्या फोनवर उतार दाखवणारे कोणतेही साधे ॲप शिडीच्या बाजूला टेकवले तरी कोन कळतो. फोन नसेल तर चार फूट उंचीला पाया एक फूट लांब, हा हिशेब धरावा.

पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात विजेचा धोका असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपास कडाडणाऱ्या विजेची सूचना देते. सूचना आली की खाचरातून बाहेर पडून पक्क्या घरात जावे, एकट्या झाडाखाली थांबू नये. हवामान खात्याचे 'मेघदूत' ॲप २०१९ पासून मराठीतही अंदाज देते. दुसऱ्या दिवशी उकाडा जास्त असेल तर जड कामे पहाटे उरकून घ्यावीत.

मोबाईल काय करू शकत नाही

मोबाईल गोणी उचलत नाही आणि औषधही देत नाही. दुखणे पायात उतरले, पाय बधिर किंवा लुळा वाटू लागला तर डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्री मान वाकवून तासन् तास फोन पाहिला तर नवे दुखणे मागे लागेल, हेही सांगून ठेवतो.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत फोन पुरुषाच्या खिशात असतो आणि कंबर बाईची दुखते. मोजमाप तिचे होईल आणि निर्णयात तिला विचारले जाईल, तरच या सगळ्याचा उपयोग. यंत्र आणायचे की पद्धत बदलायची हे ठरवताना वाकणाऱ्या माणसाचे मत आधी घ्यावे.

तेव्हा येत्या हंगामात प्रत्येकाने एवढेच करावे. आपल्या घरात सर्वांत जास्त वाकून काम करणाऱ्या माणसाचा, त्याला विचारून, एक फोटो बाजूने काढावा. दोघांनी मिळून तो कोन मोजावा. आणि एक काम, फक्त एकच, बदलून पाहावे. पीक दरवर्षी पुन्हा उभे राहते. पाठ एकदा मोडली की ती पुन्हा पेरता येत नाही.